धुळीचे आकडे लिनक्सवर येईपर्यंत

आईला दमा आहे. फोडणी दिली की खोकल्याची उबळ येते, म्हणून स्वयंपाकघरातल्या हवेत तेव्हा नेमकं किती काय असतं ते मला मोजायचं होतं. एसडीएस०११ हा सूक्ष्म धुळीचा सेन्सर आणला. आतला छोटा पंखा हवा खेचतो, कणांवर लेसर पडून विखुरलेल्या प्रकाशावरून पीएम २.५ आणि पीएम १० चे, म्हणजे २.५ आणि १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे आकडे निघतात. लॅपटॉपला जोडायला सोबत सीएच३४० चिपची यूएसबी पट्टी होती.

माझ्याकडे उबंटू २२.०४, लिनक्सचाच एक प्रकार. या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. सेन्सर लावला, पंखा फिरू लागला, पण जिच्यातून आकडे वाचायचे ती टीटीवाययूएसबी० ही डिव्हाइस फाइल काही दिसेना. केबल बदलली, पोर्ट बदललं, अख्खी रात्र गेली. सकाळी कर्नलचा लॉग ओळ न् ओळ वाचला. फाइल तयार होत होती आणि लगेच नाहीशी होत होती! डिव्हाइस कोणी ताब्यात घेतलं, त्याचं नावही तिथेच होतं: बीआरएलटीटीवाय.

हा अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्रॅम. काही ब्रेल डिस्प्लेंमध्येही हीच चिप असते, ओळख क्रमांकही तोच, १ए८६:७५२३. त्याने माझा सेन्सर ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेतला. प्रोग्रॅम सरळ काढून टाकता आला असता, पण कोणाचा तरी संगणक ज्याच्यावर चालतो ती सोय उपटून टाकायला मन होईना. कोणतं डिव्हाइस जोडलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या त्याच्या यूडेव्ह नियमांची फाइल त्याच नावाने ईटीसी या सेटिंग्जच्या जागेतल्या नियमांच्या फोल्डरमध्ये कॉपी केली आणि तेवढ्या क्रमांकाची ओळ बंद केली. मूळ फाइलऐवजी हीच वाचली जाते आणि अपडेट आलं तरी टिकते.

मग 'परवानगी नाही'. अशी पोर्टं वापरायची मुभा असलेल्या डायलआउट गटात स्वतःला घातलं, लॉगआउट करून परत आले, तेव्हा पोर्ट उघडलं.

वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. सेन्सर दर सेकंदाला १० बाइट पाठवतो. हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतल्या लिखाणात पहिला एए, शेवटचा एबी. मी आधी आले तसे दहा-दहा बाइट उचलत होते, त्यामुळे भलतेच आकडे यायचे. आता पायथॉनमध्ये एए आणि त्यामागचा सी० सापडेपर्यंत थांबते, चेकसम, म्हणजे बाइट नीट आले का ते तपासायची बेरीज, जुळला तरच पुढे. तिसरा बाइट १५० आणि चौथा १ असेल, तर १ गुणिले २५६ अधिक १५० म्हणजे ४०६; त्याला दहाने भागून पीएम २.५ येतं ४०.६ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.

हवा दमट असली की पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजले जातात, त्यामुळे पावसाळ्यातले आकडे मी जपूनच घेते. पण मिरचीच्या फोडणीला आकडा काही मिनिटांत चौपट होताना आईने स्वतः पाहिला. आता तेल तापत ठेवण्याआधी ती एक्झॉस्ट लावते आणि स्क्रीनकडे बघून मला विचारते, "किती झाला गं?"