आमची वाटचाल : फेरफार पुसायचा नसतो

कोकणात ज्याची चार कलमं आहेत त्याला फेरफार समजावून सांगावा लागत नाही. सातबारा आजची स्थिती दाखवतो. ती कशी झाली हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारांच्या वहीत, सापडतं. कमी झालेलं नावसुद्धा कंसात राहतं. चिपळुणात बसून आम्ही आंबा बागायतदारांच्या लिंक्ड डेटाचं, म्हणजे वेबवर एकमेकींना जोडलेल्या नोंदींचं, हेच करतो. बाग, प्लॉट, फवारणी, लॅबचा रिपोर्ट, प्रत्येकाला स्वतःचा यूआरआय, म्हणजे वेबवरचा कायमचा पत्ता. कोणता ट्रिपल (‘कशाचं, काय, किती’ अशी तीन भागांची एक नोंद) कधी आला, कधी गेला, कोणी बदलला, सगळं जपलेलं.

सुरुवातीला रोज रात्री अख्ख्या ग्राफची, म्हणजे सगळ्या ट्रिपलच्या जाळ्याची, प्रत ठेवायचो. डिस्क भरली, तेव्हा डेल्टावर, म्हणजे नुसते बदल तेवढे साठवण्यावर, आलो. मग ब्लँक नोडनी, म्हणजे यूआरआय न दिलेल्या नोंदींनी, रडवलं. दर एक्सपोर्टला त्यांची लेबलं बदलायची, त्यामुळे एक तारीख सुधारली तरी डिफमध्ये, म्हणजे दोन आवृत्त्यांतल्या फरकाच्या यादीत, शेकडो ओळी लाल-हिरव्या व्हायच्या. या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांना कळकळीने सांगतो, साध्या फवारणीच्या नोंदीलाही यूआरआय द्या. आणि नुसत्या डेल्टांवर विसंबू नका, अधूनमधून पूर्ण स्नॅपशॉट, म्हणजे अख्ख्या ग्राफची प्रत, घ्याच. नाहीतर कालची आवृत्ती उभी करायला पहिल्या दिवसापासून सगळं चालवत बसावं लागतं.

मधल्या काळात बाहेरची एक कंपनी आली. ‘जुनं ठेवून करायचंय काय?’ म्हणत निम्म्या दरात आमची गिऱ्हाइकं फिरवली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तर त्यांनी डहाणूकडच्या बागांच्या सगळ्या नोंदींत जिल्हा बदलून टाकला. म्हणजे २०१३ चा माल तेव्हा नसलेल्या जिल्ह्यातून निघाला! आमच्याकडे मेमेंटो होतं, जुनी आवृत्ती तारखेने मागवायची वेबवरची पद्धत; तिचा इंटरनेट दस्तऐवज २०१३ चाच, आरएफसी ७०८९. तोच यूआरआय, मागणीच्या हेडरमध्ये हवी ती तारीख, की मेमेंटोचा टाइमगेट त्या दिवसाची आवृत्ती काढून देतो. बागायतदारांच्या बैठकीत मी हे दाखवलं, कोणी लक्ष दिलं नाही. ते अजून सलतं.

लक्ष दिलं ते पावसच्या तात्यांनी. आमचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांची एकच अट होती, “माझ्या बागेचा इतिहास माझ्या घरात हवा.” म्हणून रोज रात्री त्यांच्या डेल्टाची फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर जायची. पुढे त्यांच्या ओळखीच्या सगळ्याच बागांची जायला लागली. मला ते तेव्हा जास्तीचं काम वाटायचं.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि तळमजल्यावरचं ऑफिस बुडालं. पाणी ओसरल्यावर सर्व्हरच्या पंख्यात बोटभर चिखल होता. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात, तीही गेली. गावभर चिखल काढणं चालू असताना त्या कंपनीची माणसं आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगत होती, यांचं सगळं वाहून गेलं. तिघांनी करार मोडले. एकाने तर आमचे राहिलेले पैसेही दिले नाहीत.

तात्या स्वतः पेनड्राइव्ह घेऊन आले, सोबत पोळ्यांचा डबा. प्रत्येक डेल्टात आदल्या डेल्टाचा हॅश, म्हणजे त्या फाइलवरून काढलेला ठसा, असतो, त्यामुळे मधली एखादी फाइल गळली असती तर तिथेच कळलं असतं. तात्यांच्याकडच्या जुन्या स्नॅपशॉटवर एकेक डेल्टा चढवत गेलो. अकरा रात्री लागल्या. वीज जायची, पुन्हा बसायचो. एकही हॅश चुकला नाही.

त्यानंतरची वर्षं नीट गेली. आता बॅकअप तीन ठिकाणी आहे, त्यातलं एक घाटावर.

त्या अकराव्या रात्री शेवटची फाइल उघडली ती २१ जुलैची होती. एक ट्रिपल कमी, एक वाढलेला. कोणीतरी तात्यांच्या खालच्या प्लॉटात कल्टार (आंब्याला मोहोर यावा म्हणून घालायचं औषध) घातल्याची तारीख १५ ऐवजी १६ जुलै केली होती. तात्यांना विचारलं. ते म्हणाले, “हो, मीच. पंधराला पाऊस होता.”