ठळक अक्षरात नसलेला आकडा

एका नळीभर रक्तासाठी मला चार वेळा उपाशीपोटी लॅबमध्ये जावं लागलं. त्याला आता वर्ष होत आलं, तरी त्या काउंटरसमोरून जाताना अजून राग येतो.

यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात एसजीपीटी नावाचं एन्झाइम वाढतं. तीन वर्षांच्या तपासण्यांत माझं ते ३१, ३८, ४७ असं चढत गेलं होतं. रिपोर्टवर मर्यादा ५५ छापलेली. मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापतात, माझा साध्या अक्षरात होता, म्हणून कुणी थांबलं नाही. मीही नाही. उपाशीपोटीची साखर १०३, म्हणजे जराशी जास्त, आली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. बायकांमध्ये एसजीपीटी १९ ते २५ च्या वर गेलं तरी लक्ष द्यावं असं अनेक यकृततज्ज्ञ मानतात, हे मला तेव्हा कळलं. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी ५.८ होतं, ५.७ पासून मधुमेहपूर्व अवस्था धरतात. आईला मधुमेह आहे.

लिव्हर म्हटलं की लोकांना दारूच आठवते. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं तेव्हा शेजारच्या बाईंनी मला तसं विचारलंही. मी थेंबही घेत नाही. वजन ६१ किलो, उंची १५७ सेंटिमीटर, दिसायला जाड नाही. पण कंबर ८६ होती आणि भारतीय बायकांसाठी ८० ही मर्यादा आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत, की सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त असू शकते.

इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद न देणं, किती आहे ते बघायला डॉक्टरांनी फास्टिंग इन्सुलिन, म्हणजे उपाशीपोटीच्या इन्सुलिनची तपासणी, लिहून दिली आणि तिथेच गाडी अडली.

पहिल्या दिवशी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, तुम्हाला शुगर करायची असेल." चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं असूनही त्याने नुसती साखर केली, आणि ते मला संध्याकाळी रिपोर्ट हातात आल्यावर कळलं. दुसऱ्या खेपेला नुसतं इन्सुलिन. डॉक्टरांनी मान हलवली. साखर आणि इन्सुलिन एकाच वेळी काढलेल्या रक्तातलं हवं, दोन दिवसांचे आकडे गुणून काही हाती लागत नाही. तिसऱ्या खेपेला दोन्ही घेतलं, पण शीर सापडेना. तीनदा टोचलं. नमुना पुण्याला गेला. चार दिवस काहीच निरोप नाही, म्हणून मीच फोन केला, तर म्हणाले, "सॅम्पल हिमोलाइज झालंय, परत यावं लागेल." म्हणजे रक्तातल्या लाल पेशी फुटल्या होत्या. त्या पेशींमधलं एक एन्झाइम इन्सुलिन तोडतं, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो, आणि एसजीओटी हे यकृताच्या तपासणीतलं दुसरं एन्झाइम खोटं वाढलेलं दिसतं. नमुना नाकारला हे बरोबरच केलं. पण ते चार दिवस माझ्यापासून का लपवलं? शाळेतून तीन वेळा उशिराची परवानगी मागितली होती मी. चौथ्या वेळी मी आधी विचारून घेतलं: पुण्याची गाडी किती वाजता निघते, सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, इथेच वेगळं करून थंड डब्यात घालणार का, हिमोलिसिस झालं तर त्याच दिवशी फोन कराल का. आणि पावतीवर दोन्ही तपासण्यांची नावं वाचल्याशिवाय मी हात पुढे केला नाही. तुम्हीही करू नका.

इन्सुलिन १८.६, साखर १०३. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागायचं, याला होमा-आयआर म्हणतात. माझं ४.७ आलं. जास्तच. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे यकृतात आणखी चरबी बनते. साखर हाताबाहेर जायच्या कितीतरी आधी एसजीपीटी हळूहळू वर सरकू लागतं, ते यामुळे. मला घाबरायला झालं, आणि वेळेवर कळलं म्हणून हायसंही वाटलं.

वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून काढतात तो फिब-४ ०.७ आला. १.३ च्या खाली असल्यामुळे यकृतावर व्रण पडले असण्याची शक्यता कमी होती.

औषध लागलं नाही. आठवड्याचे दोन उपवास साबुदाण्याच्या खिचडीवर आणि बटाट्यावर चालायचे, ते आधी बंद केले. सासूबाईंना ते पटायला महिना गेला. रोज रात्री जेवल्यावर चालणं, चहा बिनसाखरेचा, ताटात भाताऐवजी आधी उसळ आणि भाजी. आठ महिन्यांत चार किलो कमी झाले. एसजीपीटी २६, एचबीएवनसी ५.५. तो रिपोर्ट मी शाळेत सगळ्यांना दाखवला.

धाकट्या बहिणीला जुने रिपोर्ट काढायला लावले. तिचंही एसजीपीटी ४३, साध्याच अक्षरात. शनिवारी तिला घेऊन जातेय, दुसऱ्या लॅबमध्ये. तिला सांगून ठेवलंय की आदल्या दिवशी जिममध्ये जड वजनं उचलू नकोस, स्नायूंवर ताण आला तरी हे आकडे वाढतात. रात्री नऊनंतर फक्त पाणी. सकाळचा चहासुद्धा नाही.