एंजलची पिल्लं, तिसरी खेप: दिवस १ ते ४६

घरच्या टँकमध्ये एंजलफिश या माशांची पिल्लं वाढवतोय; आधीच्या दोन खेपांचा हिशेब आधी देऊन टाकतो. पहिल्या खेपेला साधारण दोनशे पिल्लं पोहायला लागली आणि पाचव्या दिवशी एकही उरलं नाही. दुसऱ्या खेपेला तीसेक वाचली, त्यातली निम्मी वेडीवाकडी. पहिली उपाशी मेली असं धरून मी दुसऱ्या खेपेला खाणं आणखी वाढवलं होतं. आता कळतंय, ती उपाशी मेलीच नव्हती. उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून घालायचो. पिल्लांच्या पोटात त्यातलं किती गेलं देव जाणे, पण सकाळपर्यंत टँकचं पाणी दुधट झालेलं असायचं. या खेपेला खाण्याच्या वहीत समोरच्या पानावर पाण्याची नोंद ठेवली. त्या वहीतूनच हे उतरवतोय.

दिवस १

संध्याकाळी जोडीनं फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली. दोन दिवस दोघं तोंडानं पाइप घासत होती आणि इतर माशांना कोपऱ्यात कोंडून ठेवलं होतं, तेव्हाच अंदाज आला होता. अशा वेळी पोटाखालची नळी स्पष्ट दिसते, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक टोकदार. एरवी एंजलमध्ये नर-मादी ओळखायला मी तरी जात नाही.

अंडी अंदाजे अडीचशे. दिवे मालवायच्या आत पाइप सोडवून २० लिटरच्या रिकाम्या टँकमध्ये नेला. पाणी त्याच मोठ्या टँकचं, तापमान २८ अंश, तळात काहीही नाही. एअरस्टोन पाइपच्या शेजारी अशा बेतानं ठेवला की बुडबुडे अंड्यांवर आपटू नयेत, पण पाणी हलतं राहावं. मिथिलिन ब्ल्यू हे बुरशीवरचं औषध पाणी फिकट निळं दिसेल इतकंच. स्पंज फिल्टर अजून ठेवला नाही, कारण हे औषध स्पंजमधल्या, पाणी शुद्ध ठेवणाऱ्या जिवाणूंनाही मारतं.

आईबापांनाच पिल्लं वाढवू द्यावीत म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ते दृश्य खरंच बघण्यासारखं असतं. पण माझ्या जोडीकडे अंडी सोडली त्या दोन्ही वेळा ती तिसऱ्या रात्री फस्त करून मोकळी झाली होती. वर सांगितलेल्या दोन्ही खेपा त्यानंतरच्या, वेळेवर बाजूला काढलेल्या अंड्यांच्या.

दिवस २

चाळीस-पंचेचाळीस अंडी पांढरी पडली. ती न फळलेली. त्यांच्यावर बुरशी धरते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांवर चढते, म्हणून ड्रॉपरच्या टोकानं जमेल तेवढी खरवडून काढली. फळलेली अंडी मधाच्या रंगाची आणि पारदर्शक राहिली आहेत. भिंगातून आत ठिपका दिसतो.

दिवस ३ आणि ४

साठ तासांच्या आसपास अंडी फुटली. पिल्लं म्हणजे शेपूट लावलेला बलक, डोक्याकडच्या चिकट धाग्यानं पाइपला लटकलेली आणि सगळी एकदम वळवळणारी. या अवस्थेत खायला काहीही घालायचं नाही. तोंडच उघडलेलं नसतं, शिदोरी पोटाला बांधलेली असते. पहिल्या खेपेला मी इथेच बलक सुरू केला होता, म्हणजे पिल्लं पोहायला लागेपर्यंत पाण्याची वाट लागूनही गेली होती.

मिथिलिन ब्ल्यू आता थोडं थोडं पाणी बदलून कमी करतोय.

दिवस ५

आर्टेमियाची (पिल्लांना जिवंत खाणं म्हणून देतात ते खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांची कोरडी अंडी डब्यात मिळतात) चाचणी घेतली ते बरं झालं. मागच्या वेळचा उघडा डबा वापरला तर चोवीस तासांनी बाटलीत नुसती तपकिरी धूळ. डब्याला दमट हवा लागली की अंडी फुटण्याचं प्रमाण धाडकन घसरतं. नवा डबा फोडला, लहान हवाबंद बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये टाकला आणि पुन्हा लावलं.

माझी पद्धत अशी. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा म्हणजे पीएच आठच्या वर राहतो, अर्धा चमचा अंडी, बाटली उलटी टांगलेली, हवा जोरात, दिवा सतत. २८ अंशांना चोवीस तासांत पाणी नारिंगी होतं. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं आणि खालून टॉर्च लावायचा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात आणि जिवंत आर्टेमिया उजेडाकडे गर्दी करतात. एअरलाइन नळीनं फक्त तो नारिंगी ढग ओढायचा, बारीक कापडातून गाळायचा आणि साध्या पाण्यानं धुवायचा. धुणं टाळू नका. नाहीतर दिवसाला पाच वेळा थोडं थोडं खारट, जास्त पीएचचं पाणी टँकमध्ये जातं.

घड्याळ इथे महत्त्वाचं आहे. नुकतं फुटलेलं आर्टेमिया स्वतः काही खात नाही, अंगातल्या बलकावर जगतं. साधारण दहा तासांत ते कात टाकतं आणि तोवर त्या शिदोरीतलं बरंच संपलेलं असतं. दुपारपर्यंत बाटलीतच ठेवलेलं आर्टेमिया पिल्लांना दिलं तर पोट भरलेलं दिसतं, अंगाला लागत नाही. म्हणून दोन बाटल्या बारा तासांच्या अंतरानं लावतो आणि गाळून उरलेलं फ्रीजमध्ये ठेवतो. थंडीत त्यांचा खर्च मंदावतो.

दिवस ८

सकाळी सात वाजता पाइप रिकामा! सगळी पिल्लं पाण्यात, अर्धवट तरंगत, अर्धवट पोहत. स्पंज फिल्टर लावला. हा स्पंज महिनाभर मोठ्या टँकमध्ये चालवून ठेवला होता, नवा कोरा लावून उपयोग नसतो. हवा इतकी मंद की पिल्लू स्पंजला चिकटून बसणार नाही.

पहिलं खाणं दुपारी. आर्टेमियाचे चार थेंब. ते अर्धा मिलिमीटरही नसतं, पण पिल्लाच्या तोंडाच्या मानानं मोठा घास. पिल्लू आधी इंग्रजी एस अक्षरासारखं वाकतं, क्षणभर थांबतं आणि मग झेप घेतं. पहिल्या दहा झेपांपैकी आठ हुकतात. अर्ध्या तासानं भिंग लावून बघितलं तर निम्म्याहून जास्त पोटं नारिंगी. ही नारिंगी पोटं हेच माझं मीटर. पोट नारिंगी दिसलं की पिल्लू खातंय, रंग उतरला की पुढच्या घासाची वेळ झाली.

दुसऱ्या खेपेची वेडीवाकडी पिल्लं तळावर पोट घासत फिरायची. ती का, हे या वेळी कळलं असावं. पोहायला लागल्यावर पिल्लाला पृष्ठभागावर येऊन हवेचा एक घोट घ्यावा लागतो, त्यानं पोहण्याची पिशवी भरते. त्या वेळी माझ्या टँकवर बलकाचा तेलकट तवंग होता. आता सकाळ-संध्याकाळ टिशू पेपर पाण्यावर पसरून उचलतो. तळ घासणारी पिल्लं या वेळी चारच.

दिवस ९ ते १२

दिवसातून पाच वेळा खाणं, प्रत्येक वेळी थोडं. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतं, मग मरून तळाला बसतं. म्हणून शेवटच्या खाण्यानंतर तासाभरानं एअरलाइन नळीनं तळ सायफन करतो, पाणी पांढऱ्या बादलीत. बादलीत आलेली पिल्लं ड्रॉपरनं परत. रोज निम्मं पाणी बदलतो, क्लोरीन काढून टाकलेलं आणि त्याच तापमानाचं. रात्री शेजारी मंद दिवा चालू ठेवतो. एकदम अंधार झाला की पिल्लं घाबरून भिंतींवर आपटतात.

बाराव्या दिवशी फोटो काढून पडद्यावर टिंबं मारत मोजली. १८७.

दिवस १७

काचेवर बारीक पांढरे दोरे, टोकाला झुपका. हायड्रा. एकाच्या झुपक्यात आर्टेमिया अडकलेलं दिसलं, दुसऱ्यात एक पिल्लू. हायड्राला आर्टेमिया म्हणजे मेजवानी. आपण पिल्लं पोसतो तेव्हा त्यांनाही पोसतोच. स्पंजबरोबर मोठ्या टँकमधून आले असणार, पहिल्या दिवशीचं पाणी आणि पाइप सोडले तर दुसरं काही तिथून आत गेलंच नव्हतं. म्हणजे ज्या स्पंजचं वर कौतुक केलं, तोच.

औषध घालायचा मोह झाला, पण इतक्या लहान पिल्लांवर प्रयोग नको वाटला. ८० लिटरचा टँक मोकळा होता, तो तयार करायला घेतला.

दिवस २०

सगळी पिल्लं कपानं, पाण्यासकट, एक एक करून नव्या टँकमध्ये. जाळीनं उचलू नका. पोटाखालचे लांब पर याच वयात फुटत असतात. २० लिटरचा टँक रिकामा करून आठवडाभर कोरडा ठेवणार. हस्तांतर झाल्यावर पक्की मोजणी मिळाली, १६४. तेवीसच्या तेवीस हायड्रानंच खाल्ली असं म्हणवत नाही, पण वही तेवढंच सांगते.

मधे मायक्रोवर्म, म्हणजे खाण्यासाठी वाढवतात ते बारीक जंत, तेही करून बघितले. ओट्सच्या लगद्यावर भांडंभर होतात, मेहनत काही नाही. पण ते तळाला जातात आणि एंजलची पिल्लं पाण्याच्या मधल्या थरात खातात. नुसत्या मायक्रोवर्मवर वाढवलेल्या पिल्लांना पोटाचे पर येत नाहीत असं बरेच जण सांगतात, त्यावर वादही आहे. मी त्यांना आर्टेमिया न फुटल्याच्या दिवसाची सोय एवढंच मानतो.

दिवस २५

आठवडाभरात पिल्लांनी रूप पालटलं. परवापर्यंत ती कुठल्याही माशाची असू शकली असती. आज बाजूनं बघावं तर पाठीवर आणि पोटाखाली पराचे त्रिकोण, अंग उंच, अंगठ्याच्या नखाहून लहान पण पुरे एंजल. टेरोफायलम या नावाचा अर्थ पंख असलेलं पान असा होतो. १८४० साली हे नाव देणाऱ्या हेकेलनं मोठे मासे बघितले असतील, पण नाव या वयाला जास्त शोभतं.

बारीक कोरडं खाणं सुरू केलं, सकाळच्या पहिल्या घासाला, भूक कडक असते तेव्हा. पहिले दोन दिवस तोंडात घेऊन थुंकत होती. तिसऱ्या दिवशी थुंकणं बंद.

दिवस ३३

आदल्या संध्याकाळी घरी पोहोचायला उशीर झाला. खाणं घातलं, सायफन उद्यावर टाकला. सकाळी १४ मेलेली, बाकीची पृष्ठभागाशी धापा टाकत. अमोनिया (विष्ठा आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात येतो तो) ०.५, पीएच ७.८. माझ्या नळाचं पाणी पीएचला चढंच आहे. पीएच सातवरून आठवर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग साधारण दहापट होतो. त्यामुळे कमी पीएचच्या पाण्यात खपून जाणारी चूक माझ्याकडे खपत नाही. लगेच निम्मं पाणी, चार तासांनी पुन्हा निम्मं, दिवसभर उपास.

घाईच्या संध्याकाळी खाणं चुकवायचं आणि सायफन करायचा, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मी नेमकं उलटं केलं होतं. एक रात्र उपाशी राहून या वयाचं पिल्लू मरत नाही.

दिवस ४०

निवड केली. हे काम आवडत नाही, पण व्यंग असलेल्या माशांची जोडी पुढे कुणाकडे तरी लागणारच. नऊ बाजूला काढली. पाचांना पोटाचे पर नाहीत, ती वाळवून पुन्हा भरलेल्या छोट्या टँकमध्ये मजेत आहेत आणि माझ्याकडेच राहतील. तळ घासणारी चार खाऊ शकत नव्हती, हाडाला चिकटली होती. त्यांना लवंगतेलाच्या पाण्यात शांत केलं.

दिवस ४६

१४१. आता मारामाऱ्या सुरू झाल्या आहेत. एकेकानं कोपरा धरला आहे आणि सगळ्यात मोठं पिल्लू सगळ्यात लहानाच्या दुप्पट आहे. मोठी आधी पोहोचतात, म्हणून आणखी मोठी होतात. रविवारी आकारानुसार दोन टँकमध्ये विभागणार. दुसऱ्या टँकचा स्पंज दोन आठवड्यांपासून पिल्लांच्याच टँकमध्ये चालतोय, या वेळी मोठ्या टँकमधून काही आणलेलं नाही. लहान गटाला आर्टेमिया आणखी दहा दिवस, मोठ्या गटाला कोरड्यावर.

तुमच्यापैकी कुणी या वयात आकारानुसार वेगळी केली असतील तर एक सांगा. लहान गटातली पिल्लं पुढे मोठ्यांना गाठतात, की वेळ निघून गेलेली असते?