तिथे काही जाणवतं का?

स्तन काढून तिथे नवीन केला, त्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली तरी हा प्रश्न थांबत नाही. ज्यांचं ऑपरेशन तोंडावर आलंय त्या विचारतात, ज्यांचं होऊन गेलंय त्याही विचारतात. सख्ख्या बहिणीनेसुद्धा आवाज खाली आणून विचारलं, ‘नवीन केलंय तिथे काही जाणवतं का गं?’ मी आजवर ‘हो, थोडंफार’ म्हणून सुटका करून घेत आले. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

कडेकडेने जाणवतं. गळ्याच्या हाडाखालून बोट खाली आणलं तर कळत राहतं, आणि एका जागी कळायचं थांबतं. मधला तळहाताएवढा भाग बधिर आहे. तिथे जोरात दाबलं तर कळतं, पण ते आत बरगडीला, कातडीला नाही. काखेतल्या गाठी काढल्या तेव्हापासून दंडाची आतली बाजूही बधिर आहे, पण तिची चौकशी कोणी करत नाही.

छातीच्या त्वचेच्या नसा बरगड्यांच्या मधून वर येतात आणि स्तन काढताना कापल्या जातात. माझं रिकन्स्ट्रक्शन पोटाची त्वचा आणि चरबी घेऊन केलेलं. तिच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडल्या, म्हणून ती जगली. संवेदनेची नस जोडायचीही शस्त्रक्रिया असते, पण ती सगळीकडे होत नाही. माझी झाली नाही. त्यामुळे आजूबाजूच्या नसा आपणहून जेवढ्या आत शिरतील तेवढंच माझं. नस वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तीही सगळं जुळून आलं तर.

पहिल्याच वर्षातली गोष्ट. खांदा आखडला होता म्हणून रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपले. सकाळी गाऊन पुढून ओला. वाटलं, पिशवी गळली. बूच तपासलं, पिशवी उलटी करून दाबली, एक थेंब आला नाही. मग आरशासमोर गाऊन उघडला. पिशवी झोपेत खांद्यावरून घसरली होती. वाटीच्या तोंडाएवढी कातडी सोलवटून लाल झालेली, कडेला दोन फोड अजून भरलेले. गाऊनला लागलं होतं ते फुटलेल्या फोडांचं पाणी. मी मुद्दाम बोट लावलं. बोटाला ओलं लागलं, छातीला बोट लागलंच नाही.

ड्रेसिंग करताना सिस्टर सारखी म्हणत होती, ‘दुखलं की सांगा.’ सांगायला काही नव्हतं. कापूस जखमेच्या अगदी वरच्या कडेला गेला तेव्हा मात्र जोरात कळ आली, आणि मला चक्क बरं वाटलं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, ‘नशीब, दुखत तरी नाही.’ मायेनेच म्हणाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. दुखायला हवं होतं! दुखलं असतं तर मला जाग आली असती.

ऑपरेशनआधी मीच डॉक्टरांना म्हणाले होते, ‘जीव वाचू दे, बाकी काही नको.’ त्या बाईवर मी फार दिवस रागावले. व्रण किती दिसेल, दोन्ही बाजू सारख्या दिसतील का, सगळं विचारलं तिने, हे नाही विचारलं. डॉक्टर एका वाक्यात म्हणाले होते, ‘बधिरपणा राहील.’ मी ते दाताच्या इंजेक्शनसारखं ऐकलं, की उतरेल. मग चूक माझी का? तेव्हा मी घाबरलेली होते. पण एकच वाक्य पुरेसं होतं, हेही मला मान्य नाही.

आणि ज्यांना विचारायचं असतं पण विचारवत नाही, त्यांच्यासाठी: ते सुख आलेलं नाही. नवऱ्याचा हात तिथे आहे हे मला दिसतं म्हणून कळतं. अंधारात कळत नाही. उलट जे स्तनाग्र आता नाहीच, तिथे एखाद्या रात्री खाज सुटते आणि कितीही खाजवलं तरी शमत नाही.

गेल्या महिन्यात आंघोळीनंतर ओल्या केसांतलं पाणी छातीवर ठिबकलं. व्रणाच्या जरा खाली, नखाएवढ्या जागेत, गार लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी ओला हात ठेवून पाहिला, काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा लागल्यासारखं वाटलं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.