गुळवेलीवरची अळी आणि डाळिंबावरचा पतंग

डाळिंबावर टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं, दाबल्यावर आंबूस रस आला, तर आत अळी शोधू नका. पोखरणाऱ्या अळीचं भोक मोठं असतं, तोंडाशी विष्ठा साचते. हे काम रस शोषणाऱ्या पतंगाचं. तो रात्री सोंड खुपसून जातो. पुढे त्याच भोकातून बुरशी शिरते, फळ सडून गळतं. त्याची अळी डाळिंबावर नसतेच. ती गुळवेल आणि वासनवेलीची पानं खाऊन वाढते.

सोलापूरच्या बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल असतेच. जात ओळखायला मी पावसाळ्यात तिच्यावरच्या अळ्या आणून वाढवल्या. अळी काळपट, मखमली. अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे दोन-दोन ठिपके. हात लावला की डोकं आत वळवते, शेपटाकडचा भाग उचलते, आणि ते ठिपके थेट आपल्याकडे रोखलेले वाटतात.

बरणीला झाकण नको, मलमल बांधा. वेलीचा तुकडा पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवला तर बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळी आत पडून मरते. पानं रोज बदला, विष्ठा रोज काढा. ओल राहिली की बुरशी येते आणि अळ्या जातात. माझ्या पहिल्या अळ्या अशाच गेल्या. वाढ पुरी झाल्यावर अळी पानं रेशमाने जोडून आत कोष करते. ती पानं उलगडू नका. बरणीत एक खरखरीत काडी उभी ठेवा; नव्या पतंगाला लटकायला जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात.

पतंग निघाला की मागचे पंख बघा. दोन्ही जातींत ते नारिंगी, काळ्या काठाचे. मधोमध गोल काळा ठिपका असेल तर युडोसिमा मॅटर्ना, स्वल्पविरामासारखा वळलेला मोठा डाग असेल तर युडोसिमा फॅलोनिया. दोन्ही आफ्रिकेपासून भारतातून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतात. फॅलोनिया प्रशांत महासागरातल्या बेटांवर पांगाऱ्यावरही वाढते.

बांधावरची वेल काढा असं सांगतात. एकट्याने काढून भागत नाही, पतंग लांबून उडत येतात. शिवाय गुळवेल औषधी. मी फळं पिकायच्या आधीच पिशव्या घालतो. पिशवी सैल हवी. फळाला चिकटली तर पतंग तिच्यावरूनच सोंड घालतो. गळलेली फळं रोज उचलून खड्ड्यात पुरतो, कारण आंबलेल्या वासावर आणखी पतंग येतात. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन फेरी मारायची. उजेडात डोळे लाल चमकतात, फळावर बसलेला पतंग जाळीत सापडतो.