तुम्ही विचारलंत म्हणून: इतके हात लागून ब्राँझ खराब नाही का होणार?

कोल्हापुरात एखाद्या पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या दाराला ब्राँझचं शिल्पच हँडल म्हणून बसवू या म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "दिवसाला शेकडो हात लागणार, मग त्याची कळा जाणार नाही का?"

नाही जाणार. वाड्याच्या दाराची जुनी पितळी कडी आठवा. बोटं फिरतात तिथं ती सोन्यासारखी उजळते, खाचेत काळीच राहते, आणि म्हणूनच तिची नक्षी ठसठशीत दिसते. समजा हँडल मोराच्या आकाराचं आहे, तर तो मोरही तसाच घडवायचा: मान आणि पाठ हाताखाली येऊ द्यायची, पिसाऱ्याच्या रेषा खोलात ठेवायच्या. काळपट रंग सगळीकडे एकसारखा टिकावा हा हट्ट सोडावा लागतो. त्या हट्टापायी लॅकर (पारदर्शक वार्निश) मारलं, तर ते पकडीच्या जागी सोलतं, खाली घाम शिरतो आणि चट्टे पडतात. पकडीला लॅकर नकोच.

खरं नुकसान होतं ते न दिसणाऱ्या जागी. सगळ्यात मोठा गुन्हेगार लोखंडी बोल्ट. पावसाचं पाणी लागलं की ब्राँझच्या संगतीत लोखंड आधी झिजतं; त्यातून बोल्ट बारीक आणि शिल्प मोठं असेल तर फारच झपाट्यानं. गंज फुगतो, लाकूड किंवा दगड फोडतो, तांबडे ओघळ उतरतात आणि दोष मात्र ब्राँझला लागतो. बोल्ट ब्राँझचे घ्या, नाहीतर ३१६ स्टेनलेसचे (गंजाला जास्त दाद न देणारा स्टेनलेस स्टीलचा प्रकार). दार ॲल्युमिनियमचं असेल (हल्ली बहुतेक कार्यालयांत असतंच) तर झिजणारी बाजू ॲल्युमिनियमची. तिथं नायलॉनचा वॉशर आणि बोल्टभोवती नायलॉनची नळी घालून दोन्ही धातू वेगळे ठेवायचे. उघड्यावरचं शिल्प पोकळ असेल तर त्याच्या सगळ्यात खालच्या टोकाला ६ मिलिमीटरचं भोक हवं, नाहीतर पावसाळाभर पाणी पोटात साठतं.

आता ओतकाम. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव म्हणजे फौंड्रीचं माहेरघर, पण तिथला मोठा भर वाळूच्या साच्यातल्या बिडावर. बारीक तपशिलाच्या हँडलला मेणाची ओतणीच लागते. 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात ती आहे, आणि क्रम आजही तोच: मेणाचा नमुना, त्यावर साचा, मेण वितळवून बाहेर, त्या पोकळीत धातू. ४०० मिलिमीटर लांब, ३२ मिलिमीटर जाडीचं भरीव हँडल पावणेतीन किलोच्या वर जातं. ५ मिलिमीटर जाडीचं पोकळ केलं तर साधारण दीड किलो. हिशेबाला सोपं सूत्र: मेण वजनाला जितकं भरेल त्याच्या दहापट धातू, आणि त्या मेणात रनर-रायझरही (साच्यात धातू नेणाऱ्या आणि आकसताना पुरवणाऱ्या वाटा) धरायचे.

गोची आकसण्याची आहे. मेण आणि धातू मिळून अडीच-तीन टक्के आकसतात, म्हणजे ४०० मिलिमीटरला १०-१२ मिलिमीटर. म्हणून बोल्टची भोकं मेणात ठेवू नयेत. ओतून, घासून झाल्यावर दारावर प्रत्यक्ष माप घेऊन पाडावीत. दुसरी गोची पावसाळ्याची. मेणावरचा साचा सिरॅमिकचे थर देऊन बनतो; एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नसतो, आणि जुलैच्या दमट हवेत वाळायला फार वेळ लागतो. घाई केली की मेण काढताना साचा तडकतो. ओल राहिली तर धातूत वायूची भोकं पडतात. ती वेल्डिंगनं बुजवता येतात, पण ब्राँझला काळपट रंग चढवल्यावर तिथं वेगळा डाग दिसू शकतो.

मिश्रधातू कोणता? सहज मिळतो तो गनमेटल: तांबं ८५, कथील, शिसं आणि जस्त प्रत्येकी ५ टक्के. ओतायला, तासायला उत्तम. पण लहान मुलं हाताळणार असतील तिथं आम्ही शिसं नसलेलं सिलिकॉन ब्राँझच सुचवू. त्यात साधारण ९५ टक्के तांबं. भंगारातले नळ मुशीत टाकून पैसे वाचवू नका. आत काय आहे ते कळत नाही, आणि थोडं ॲल्युमिनियम जरी मिसळलं तरी माल बिघडतो.

दवाखान्याच्या दाराला ब्राँझ लावण्याचं कारण नुसत्या शोभेचं नाही. तांब्याच्या मिश्रधातूंचा पृष्ठभाग जंतू मारतो, म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००८ साली त्यांची तशी नोंद केली. मात्र ती पकड उघडी आणि स्वच्छ हवी, मेणाचा थर नको.

हाताच्या मापाला तडजोड नाही. पकड ३५ मिलिमीटरच्या आसपास, दार आणि पकड यांत ४५ मिलिमीटर मोकळी जागा, कडा गोल. मोराची चोच कितीही देखणी असो, तिच्यात बांगडी किंवा पदर अडकत असेल तर ती आत वळवायची. बालवाडीत मुख्य हँडलखाली ६०० मिलिमीटर उंचीवर एक छोटं पिल्लू बसवा. मुलं तेच धरतात.

निगा कमी आहे, पण शिपाईमामांना आणि सफाईच्या मावशींना ती नीट समजावून द्यावी लागते. चिंच, लिंबू, भांडी चमकवायची पावडर यांनी खाचेतला काळा रंगही निघून जातो. फरशीचं ॲसिड उडालं तर हिरवे ठिपके उठतात आणि ते आत पोखरत जातात, म्हणून शिंतोडे लगेच भरपूर पाण्यानं धुवायचे. एरवी मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा सौम्य साबणाचं पाणी, कोरडं फडकं, आणि पकड सोडून बाकी भागावर मेणाचा पातळ हात. त्याच वेळी बोल्ट हलतोय का तेही बघून घ्यायचं.