जेटीवर उतरते ती विक्रीची मासळी

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर किंवा रत्नागिरीत मिरकरवाड्याला आठ-दहा दिवसांची फेरी करून ट्रॉलर, म्हणजे मागून जाळं ओढणारी बोट, लागतो, तेव्हा खणातून निघणारा माल समुद्रातच निवडून झालेला असतो. पापलेट वेगळं, माकुल वेगळं, कोळंबी आकारानुसार वेगळी आणि उरलेला बारीकसारीक कुटा एका बाजूला. म्हणजे समुद्रातून किती आणि कोणती मासळी निघते याची नोंद करायला बंदरावर नमुना घेणाऱ्यासमोर येतो तो निवडलेला, थोडाफार फेकून दिलेला आणि बर्फात मुरलेला माल. जाळ्यात नेमकं काय आलं होतं ते यावरून उलट शोधायचं असतं, आणि त्यासाठी वजनकाट्याच्या आधी तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, बोलावं लागतं.

पहिला प्रश्न कुट्याचा. खणात जागा मोजकीच असते, म्हणून फेरीच्या सुरुवातीचा कुटा बहुतेक वेळा परत पाण्यात जातो आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांचाच बंदरात येतो. हे न विचारता आलेला कुटा फेरीच्या सगळ्या तासांनी भागला, तर बारीक मासळीचं प्रमाण खऱ्यापेक्षा कितीतरी कमी निघतं. कागदावर जाळं एकदम सभ्य दिसायला लागतं! म्हणून 'कुटा किती दिवसांचा?' हा रकाना वेगळाच हवा.

दुसरा प्रश्न श्रमाचा, म्हणजे ही मासळी मिळवायला जाळं किती चाललं याचा. ट्रॉलसाठी किती ओढी, एक ओढ किती तासांची आणि किती वाव (एक वाव साधारण सहा फूट) खोल पाण्यात, एवढं पुरतं. आठ दिवस, रोज पाच ओढी, ओढ तीन तासांची, असं असेल तर १२० तास झाले. एकूण मासळी २,४०० किलो असेल तर ताशी २० किलो. जाण्यायेण्याचा वेळ आणि विंचवर जाळं वर घेण्याचा वेळ यात धरायचा नाही. डोलीला, म्हणजे प्रवाहात एका जागी लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्याला, हे तास लावणं चूक. डोल खुंटाला बांधलेली असते, मासळी आणतो तो भरती-ओहोटीचा प्रवाह. त्यामुळे तिथे एकक धरायचं ते जाळ्यांची संख्या गुणिले ती किती वेळा उपसली ती संख्या, आणि शेजारी तिथी लिहायची. उधाणात (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) पाणी जोरात वाहतं, भांगात (अष्टमीच्या सुमारास) मंदावतं. तिथी न लिहिता दोन आठवड्यांची तुलना केली तर बोंबील 'वाढले' किंवा 'घटले' असं दिसतं, बदललेला असतो तो फक्त प्रवाह. पर्ससीनला, म्हणजे माशांच्या थव्याभोवती वेढा टाकणाऱ्या जाळ्याला, रिकामे गेलेले वेढेही मोजायचे. ते खलाशी आपणहून सांगत नाहीत, विचारावे लागतात.

जाळ्याची माहिती लिहिताना नुसतं 'ट्रॉल' लिहून भागत नाही. वरच्या दोराची, म्हणजे तरंगे लावलेल्या हेड रोपची लांबी घ्यावी. खालच्या दोराला शिसं आहे की साखळी, तेही पाहावं, कारण जड साखळीचं जाळं तळ घासत जातं आणि त्यात कोळंबी, लेप, खेकडे जास्त येतात. जाळ्याच्या दोन बाजूंना बांधलेल्या फळ्या पाण्याच्या दाबाने फाकतात म्हणून जाळ्याचं तोंड उघडतं. फळीची पट्टी एका अंगाने झिजली, साखळ्यांची लांबी कमीजास्त झाली किंवा वायर खोलीच्या मानाने आखूड सोडली, की फळी आडवी पडते आणि तोंड अर्धंच उघडतं. तास तेवढेच, मासळी कमी. फळ्या नुकत्या बदलल्या असतील तर तशी टीप टाकावी.

सगळ्यात जास्त गोंधळ आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या छिद्राच्या, मापात. आस मोजायचा तो खोल्याचा, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा, जाळं ओलं असताना. आस ताणून एका गाठीच्या आतल्या कडेपासून समोरच्या गाठीच्या आतल्या कडेपर्यंत अंतर घ्यायचं. एकाच बाजूची दोरी मोजली तर आकडा जवळपास निम्मा येतो. शिवणीजवळचे आस सोडून सलग दहा-वीस मोजावेत आणि सरासरी काढावी. आस शंकरपाळी आकाराचा की चौकोनी, हेही लिहावं. शंकरपाळी आस खोला भरल्यावर ओढीने मिटतो आणि पिल्लं अडकतात, चौकोनी उघडा राहतो. ४० मि.मी. चौकोनी आसाचा आग्रह धरला जातो तो याचसाठी. आणि हो, खोल्याच्या आत दुसरं बारीक जाळं शिवलेलं नाही ना, ते हात घालून पाहावं.

आता कोणत्या होड्या निवडायच्या ते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या पद्धतीत महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन गट पडतात. महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांतला एक चिठ्ठीने निघतो आणि तिथून सलग सहा दिवस, दोन-दोनच्या जोड्यांनी, निरीक्षणाला येतात; पुढच्या दोन गटांत दहा-दहा दिवसांच्या अंतराने त्याच जोड्या येतात. जोडीतल्या पहिल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १२. रात्रीच्या होड्यांची माहिती चौकशी करून भरायची. पंधरापर्यंत होड्या आल्या तर सगळ्या नोंदवायच्या. २० ते २९ असतील तर दोनांत एक, ३० ते ३९ असतील तर तीनांत एक, असं पुढे. ओळखीचा नाखवा (होडीमालक) किंवा जवळ लागलेली होडी निवडण्याचा मोह होतो, तो टाळण्यासाठीच ही शिस्त आहे.

वजनासाठी सगळ्या पाट्या काट्यावर चढवायची गरज नाही, लिलाववाले तसं करूही देणार नाहीत. तीन-चार पाट्या पाणी निथळू देऊन तोलाव्या, रिकाम्या पाटीचं वजन वजा करावं, सरासरीला पाट्यांच्या संख्येने गुणावं. बोंबलाच्या बाबतीत निथळणं न चुकता करावं, त्या मासळीत मुळातच पाणी फार. कुट्याच्या ढिगातून मात्र वरवरची ओंजळ उचलू नये. हलवाहलवीत बारीक माल खाली झिरपतो, मोठा वर राहतो. वरून, मधून, तळातून फावड्याने घेऊन मिसळावा. ४०० किलोतून ४ किलो घेतला आणि त्यात बळ्याची, म्हणजे लांब फितीसारख्या माशाची, पिल्लं ६०० ग्रॅम निघाली, तर त्या होडीवर ६० किलो. होडी तीनांत एक म्हणून निवडलेली असेल तर त्या दिवसाच्या एकूण आकड्यासाठी पुन्हा तीनने गुणायचं. प्रतवारी केलेल्या मालातून प्रत्येक प्रतीचा नमुना वेगळा घ्यावा आणि त्या त्या प्रतीच्या वजनानेच वाढवावा. सगळ्या प्रती एकत्र केल्या की लांबीचा आलेख बिघडलाच.

लांबी कुठून कुठे, हे जातीवर ठरतं. बांगडा आणि कुपा तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. माकुलाचं फक्त पाठीकडचं आवरण, हात धरायचे नाहीत. पाकटाची चकतीची रुंदी, खेकड्याची कवचाची रुंदी. बळ्याची शेपटी दोऱ्यासारखी निमुळती आणि बर्फात हमखास तुटलेली, म्हणून तोंडापासून गुदद्वारापर्यंत मोजावं, ते प्रत्येक माशात मिळतं. कोळंबीचं नाकाडं मोडलेलं असेल तर डोळ्याच्या खाचेपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत. नर आणि मादी वेगळे मोजावेत, कारण बहुतेक जातींत मादी मोठी होते.

प्रयोगशाळेत न्यायच्या पिशवीत चिठ्ठी आतच टाकावी, जाड कागदावर पेन्सिलने लिहिलेली. पेनची शाई बर्फाच्या पाण्यात धुऊन जाते आणि बाहेरची पट्टी खोक्यात निघते. चिठ्ठीवर होडीचा नोंदणी क्रमांक, तारीख, जाळं, प्रत, नमुन्याचं वजन आणि ज्या ढिगातून घेतलं त्याचं वजन. शेवटचा आकडा नसेल तर तो नमुना कशावरही वाढवता येत नाही.